मावशींचा माळा

पहिल्या भेटीत मावशींनी माझं नाव विचारायच्या आधी माझी बॅग उचलून पाहिली. मिनेसोटात, ईडन प्रेरीतल्या त्यांच्या घराच्या दारात मी थंडीनं कुडकुडत उभी होते. त्यांनी बॅगेचा दांडा धरला, ती जमिनीपासून वीतभर वर उचलली, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाल्या, "पुस्तकं भरून आणली का वं?"

बॅगेत खरंच पुस्तकं होती. कपडे मी अंगावरच चढवून आले होते.

हा त्यांचा नेहमीचा प्रकार होता, हे मला पुढे कळलं. कुणी पिशवी घेऊन आलं की ती आधी त्यांच्या हातात जायची. कुणाचं बाळ मांडीवर घेतलं की आईला सांगायच्या, मागच्या वेळेपेक्षा वाढलंय किंवा नाही वाढलं, आणि डॉक्टरकडे जाऊन आलेली आई चकित व्हायची. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपची बॅग तर त्या रोज उचलून बघत. "आज वजनी दिसते. मीटिंगा होत्या वाटते," असं म्हणत, आणि हसत नसत.

मावशी मूळच्या नागपूरच्या, इंदोऱ्याच्या. नवऱ्याच्या नोकरीमागे अमेरिकेत आल्या, इथे पुन्हा शिकल्या आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम केलं. मी त्यांच्याकडे भाड्यानं राहायला आले तेव्हा काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा दूर पश्चिम किनाऱ्यावर, बॉथेलला बायोटेक कंपनीत होता. एवढ्या मोठ्या घरात एक खोली त्या भाड्यानं द्यायच्या ती पैशांसाठी नव्हे. दारात आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाची तरी चप्पल दिसली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. घरातही त्या काकांचं जाड जॅकेट घालून वावरायच्या, बाह्या कोपरापर्यंत दुमडून. हीटर वाढवावा असं मी एकदा सुचवलं, तर दुसरं तसंच एक जॅकेट माझ्यासमोर आणून ठेवलं.

फोन कुणाचाही असो, त्या "जय भीम" म्हणून उचलायच्या. बँकेतल्या मुलीनं बावचळून "काय म्हणालात?" असं विचारलं, की तिला त्याचा अर्थ शांतपणे समजावून सांगत आणि मगच कामाचं बोलत. त्या बँकेतली एक मुलगी पुढे पुढे स्वतःच तसा नमस्कार करायला लागली होती.

त्या घराच्या बेसमेंटमध्ये लोकांचं सामान होतं. आमच्यातली माणसं जशी व्हिसावर येतात तशीच व्हिसावर जातात. कुणाची नोकरी गेली, कुणाचा अर्ज नामंजूर झाला, कुणाच्या वडिलांना तिकडे पक्षाघात झाला. घर घाईघाईनं मोडावं लागतं, विमानात बॅगा मोजक्या नेता येतात, आणि उरलेल्या सामानाकडे बघत नवरा-बायको उभे राहतात. अशा वेळी कुणीतरी मावशींचं नाव सांगायचं. मावशी जाऊन सामान घेऊन यायच्या. माणसं म्हणायची, सहा महिन्यांत परत येतोच आहोत. मावशी म्हणायच्या, येजा.

कुणाचं काय आहे हे त्यांनी कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. बॅगेवर चिठ्ठीही नाही. नाव लिहिलं की सामान अनाथासारखं दिसते, म्हणायच्या.

मी आले त्या पहिल्या वसंतात बर्फ एकदम वितळला आणि बेसमेंटमधलं पाणी उपसणारा पंप नेमका तेव्हाच बंद पडला. आम्ही खाली उतरलो तर पाण्यात बॅगा. मावशी गुडघ्यापर्यंत पॅन्ट वर करून आत शिरल्या आणि एकेक बॅग माझ्याकडे द्यायला लागल्या. कोल्हापूरच्या एका बाईंच्या सुती साड्यांची बॅग होती. साड्यांचा रंग एकमेकींना लागला होता. मावशींनी घरभर दोऱ्या बांधल्या आणि त्या साड्या वाळत घातल्या. कितीतरी दिवस आम्ही हॉलमधून स्वयंपाकघरात जाताना कुणाच्या तरी संसाराखालून वाकून जात होतो. कोल्हापूरला फोन लावून त्यांनी त्या बाईंना झालं ते सगळं सांगितलं. त्या बाई म्हणाल्या, अहो मावशी, मी तर विसरलेसुद्धा होते. फोन ठेवल्यावर मावशी मला म्हणाल्या, "हे जास्त वाईट."

मग माळ्याचा विषय निघाला.

इथल्या घरांना छपराखाली मोठी पोकळी असते. तिला सगळे ॲटिक म्हणतात, मावशी माळा म्हणायच्या. त्या माळ्याला जमीन नव्हती. नुसती आडवी लाकडं, आणि त्यांच्यामध्ये थंडी अडवण्यासाठी पसरलेला कापसासारखा भुरभुरीत थर, मांडीपर्यंत पाय बुडेल इतका जाड. कपडे ठेवायच्या एका लहान खोलीच्या छतात चौकोनी झाकण होतं, तेवढीच वाट. मावशींनी एका उंचापुऱ्या सुताराला बोलावलं. तो वर जाऊन आला आणि म्हणाला की त्या थरावर फळ्या दाबून टाकल्या तर थर चेपेल, घराची ऊब जाईल, वर ओल धरेल. त्याच्याही वर उंचावर, पायांवर उभी केलेली जमीन करावी लागेल. आणि ही लाकडं छप्पर धरायला आहेत, गोदाम करायला नाहीत. हलकं सामान ठेवायचं असेल तर ठीक.

"हलकं म्हणजे कसं?" मावशींनी विचारलं.

तो म्हणाला, शिडी चढताना एका हातात नेता येईल असं.

हे उत्तर मावशींना फार आवडलं. वजनाचा आकडा सांगितला असता तर त्यांनी त्याच्याशी वाद घातला असता.

लाकडाच्या मोठ्या फळ्या त्या झाकणातून जाईनात, म्हणून सुतारानं त्या खाली गॅरेजमध्ये कापल्या. मी आणि मावशी त्या एकेक करून वर द्यायचो. मावशींना मात्र वर काय चाललंय ते स्वतः बघायचं होतं, आणि त्या गेल्या म्हणून मीही गेले. तोंडाला मास्क, हातात मोजे. लाकडावरच पाय ठेवायचा, मधे ठेवायचा नाही, असं सुतारानं दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्या फळीला माझा पाय घसरला आणि थरातून, खालच्या खोलीच्या पातळ छतातून आरपार गेला. मी मांडीपर्यंत अडकले. त्या वेळी मावशी खाली पाणी प्यायला गेल्या होत्या. खालच्या खोलीतून त्यांचा आवाज आला, अगदी शांत.

"पाय दिसून राहिला तुझा. हलू नको, मोजा फाटला आहे तेवढा पाहून घेते."

त्या भोकाला सुतारानं नंतर ठिगळ लावलं. मावशींनी ते रंगवू दिलं नाही. येणाऱ्या पाहुण्यांना त्या खोलीत नेऊन वर बोट दाखवायच्या आणि सांगायच्या, ही आमची पुणेकर इथून आली.

काम संपलं त्या दुपारी सुतार गेला आणि आम्ही दोघी त्या नव्या जमिनीवर बसलो. मधोमध उभं राहता यायचं, कडेला छप्पर डोक्याला लागायचं. कोवळ्या लाकडाचा वास होता. छपराच्या कडेनं हवा खेळावी म्हणून सुतारानं तिकडे मुद्दाम मोकळं ठेवलं होतं, तिथून उजेडाच्या बारीक रेषा येत होत्या. मी सहज विचारलं की एवढा खटाटोप कशासाठी, ही माणसं परत येतील असं तुम्हाला खरंच वाटतं का.

मावशींनी हातातले मोजे काढले. मग म्हणाल्या, "लग्न करून इकडं आली तेव्हा माझी एक पेटी भावाकडं ठेवली होती. पत्र्याची. त्यात काही नव्हतं वं. आईनं शिवलेली गोधडी, माझे दोन फ्रॉक, एक पितळेची डबी. पाच वर्षांनी गेली तर घर नवीन बांधलेलं. स्लॅबचं. वहिनी म्हणे, पेटी गंजली होती, देऊन टाकली. वहिनी चांगली आहे माझी, तिचं काही चुकलं नाही. पण दुपारी तहान लागली तर मी दारात उभी राहून विचारलं, ग्लास कुठं असतात? त्याच्याआधी कधी विचारलं नव्हतं." थोडा वेळ त्या नखानं फळीवरचा भुसा काढत राहिल्या. "माझं तिथं काही असतं तर मी पाहुणी झाली नसती."

एवढंच. मग उठल्या आणि मला म्हणाल्या, चल, बॅगा चढवू.

एका हाताचा नियम त्यांनी काटेकोर पाळला. एका गृहस्थांनी जाताना लोखंडी खलबत्ता आणला होता. मावशींनी तो एका हातानं उचलून बघितला आणि सांगितलं की हा माळ्यावर जाणार नाही. गृहस्थांचा चेहरा पडला. मग मावशींनी तो स्वयंपाकघरात ठेवला आणि रोज त्यात लसूण-खोबरं कुटायला लागल्या. वापरात असला म्हणजे तो सामानात मोडत नाही, असा त्यांचा निवाडा होता. माळा उन्हाळ्यात तापायचा आणि हिवाळ्यात गोठायचा, म्हणून फोटो वर जायचे नाहीत. त्यामुळे हॉलमधल्या कपाटात परक्या माणसांचे लग्नाचे अल्बम होते. चहाला आलेला माणूस अल्बम उघडायचा आणि विचारायचा, हे कोण? मावशी त्या लग्नातल्या जेवणापासून सगळं सांगायच्या, जणू स्वतः पंगतीत बसून आल्या होत्या.

दरवर्षी ऑक्टोबरात, माळा तापलेलाही नसतो आणि गोठलेलाही नसतो अशा एखाद्या रविवारी, त्या सकाळीच कपाळाला टॉर्च बांधून वर चढायच्या. एकेक बॅग उघडून हवा द्यायची आणि त्या त्या घरी व्हिडिओ कॉल करायचा. तिकडे संध्याकाळ असायची. नाशिक, सोलापूर, ठाणे. पडद्यावर माणसं दिसायची, मागे टीव्ही चालू असायचा, आणि मावशी एखादा स्वेटर टॉर्चसमोर धरून म्हणायच्या, हा पाहा, काही झालं नाही याला. काहीजण म्हणायचे, मावशी, टाकून द्या ना आता. त्यावर मावशी म्हणायच्या, आवाज कटून राहिला तुमचा. मी शिडीच्या खाली उभी राहून हे सगळं ऐकायचे. आवाज अगदी स्वच्छ येत असायचा.

पण सगळेच तसे नव्हते. सोलापूरचे एक आजोबा होते. मुलासोबत इथे राहून गेलेले. त्यांची कानटोपी वर होती. ते दरवर्षी ती कानटोपी बघायचे, आणि मग शेजारच्या तलावावर लोक अजून बर्फात भोक पाडून मासे धरतात का ते विचारायचे. मावशी त्यांच्याशी सगळ्यात जास्त वेळ बोलायच्या.

माझीही पाळी आली. आमच्या कंपनीनं एका सकाळी निम्म्या लोकांना घरी पाठवलं, त्यात मी होते. दुसरी नोकरी शोधायला व्हिसा जेवढा वेळ देतो तेवढ्यात ती मिळाली नाही. मावशींनी त्या काळात मला एकदाही धीर दिला नाही. रोज माझ्या ताटात मात्र भाकरी आधी पडायची. शेवटी मी बॅगा भरल्या. जाड कोट, बर्फाचे बूट आणि एक दुलई उरली, ती मी वेगळ्या बॅगेत भरली आणि त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती एका हातानं उचलली. तशाच शिडीकडे गेल्या.

एअरपोर्टला सोडायला मित्र गाडी घेऊन आला, तेव्हाही त्या वरच होत्या. मी खालून हाक मारली. मावशी कुणालाच दारातून निरोप देत नसत, हे मला ठाऊक होतं. पण मला वाटलं होतं की माझ्यासाठी उतरतील. झाकणातून फक्त आवाज आला.

"जाय तू. जागा करून राहिली मी तुझ्या बॅगेला."

पुण्यात मी बरीच वर्षं राहिले. दर ऑक्टोबरात फोन यायचा. मावशींच्या केसांचा रंग पांढरा होत गेला, टॉर्च बदलला, माझा कोट तसाच होता. मी कधी टाकून द्या म्हटलं नाही. ऑफिसात वाईट दिवस गेला की मला तो कोट आठवायचा, मिनेसोटात, काळोखात, नीट घडी घालून ठेवलेला, आणि का कुणास ठाऊक, बरं वाटायचं.

मग मला पुन्हा अमेरिकेत नोकरी मिळाली, पण न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला. इकडे येऊन स्थिरावत होते तोवर मावशींच्या मुलाचा फोन आला. आईचे गुडघे गेलेत, शिडी चढणं बंद झालंय, तरी चढते. घर विकून तिला बॉथेलला न्यायचं ठरलंय. ती तयार आहे, पण माळा रिकामा करायला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. तुम्ही याल का?

मी गेले. मावशी खाली खुर्ची टाकून बसल्या आणि मी वरून एकेक बॅग उतरवली. प्रत्येक बॅग त्यांच्या हातात जायची. त्यांनी सगळ्यांना फोन केले. बहुतेकांनी देऊन टाकायला सांगितलं, अगदी आदरानं, पुन्हा पुन्हा आभार मानून. सोलापूरच्या आजोबांच्या घरी फोन लावला तर ते गेल्याचं कळलं. मावशींनी कानटोपी पोस्टानं पाठवायचं ठरवलं, कारण त्यांच्या नातवाला ती हवी होती. बाकीचं सामान धर्मादाय दुकानात गेलं. साड्या देताना मात्र त्या दुकानातल्या अमेरिकन बाईला साडी नेसवून दाखवल्याशिवाय त्या तिथून हलल्या नाहीत.

माझी बॅग आली. मावशींनी विचारलं, "नेऊन राहिली का?"

मी म्हटलं, "हो, आता मी इथेच आहे ना. तुम्हाला कशाला आणखी ओझं."

"बरं," त्या म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी एक मुलगी आली. अठरा-एकोणीस वर्षांची, मिनियापोलिसला कॉलेजात नुकतीच दाखल झालेली. तिचा जन्म ईडन प्रेरीतला. मी पुण्याला गेल्यानंतर काही महिन्यांनी तिच्या वडिलांचा व्हिसा संपला आणि ती तीन वर्षांची असताना सगळे नाशिकला परत गेले. पासपोर्ट इथला असल्यामुळे ती आता एकटीच परत आली होती. आईनं सांगितलं म्हणून भेटायला आली होती. तिला स्वतःला काहीच आठवत नव्हतं. आमच्याकडची इथली मुलं मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देतात. ही मुलगी स्वच्छ नाशिकचं मराठी बोलत होती आणि दोन महिन्यांत वर्गात कुणाशी धड बोलली नव्हती. सगळ्यांना वाटतं मी इथली आहे, ती म्हणाली, आणि मला तर बस कशी थांबवायची तेही माहीत नाही.

मावशींनी तिच्यापुढे प्लास्टिकचा एक खोका ठेवला. आत पिवळा बर्फात घालायचा सूट होता, इवलासा. दोरीनं एकमेकांना बांधलेले हातमोजे. तळाला चिखल सुकलेले बूट. मुलीनं हातमोज्यात हात घालून पाहिला, दोन बोटंच गेली. ती बुटाच्या तळाकडे बराच वेळ बघत राहिली.

"हा इथला चिखल आहे?"

"मग? मागच्या अंगणातला," मावशी म्हणाल्या. "तू बसकण मारायची त्यात. उठायचीच नाही."

मुलगी हसली आणि मग रडायला लागली. मावशींनी तिला रडू दिलं. सावरल्यावर तिनं सगळं पुन्हा जसंच्या तसं खोक्यात भरलं आणि जरा भीत भीत विचारलं, "मावशी, माझ्या खोलीत जागा नाही. हे अजून थोडे दिवस तुमच्याकडे राहू द्याल?"

घर विकलं गेलं होतं. दारात मुलानं मागवलेला ट्रक उभा होता. बॉथेलच्या अपार्टमेंटमध्ये मावशींसाठी एक खोली होती आणि त्या खोलीत काय मावेल हे मुलानं टेपनं मोजून कळवलं होतं. मी मावशींकडे बघितलं. त्यांनी खोका एका हातानं उचलला.

"राहते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी विमानात बसताना त्यांनी काकांचं जाड जॅकेट अंगात घातलं आणि हातात तो खोका घेतला. स्वतःची एक बॅग त्यासाठी मागे सोडली.

बॉथेलला मावशी दोन वर्षं राहिल्या. फोनवर सांगायच्या, इथं थंडीच नाही बाप्पा, नुसता पाऊस. ती मुलगी सुट्टी लागली की त्यांच्याकडे जायची. सामान बघायला जाते, असं घरी सांगायची. मावशी कपाटातून खोका काढायच्या, दोघी तो उघडायच्या, बघायच्या आणि परत बंद करून ठेवायच्या. मग ती चार दिवस राहायची. ग्लास कुठे आहेत, तांदूळ कुठे आहेत, तिला सगळं माहीत झालं होतं. मावशींच्या इंग्रजी बोलणाऱ्या नातवाला तिनं मराठीत चिडवायला शिकवलं. थोडे दिवस म्हणून ठेवलेला खोका तिनं कधीच नेला नाही, आणि मावशींनी कधी विचारलं नाही.

मागच्या हिवाळ्यात मावशी गेल्या. मुलाचा फोन आला तेव्हा ती मुलगी तिथेच होती, तिच्याशीही माझं बोलणं झालं.

मी बॉथेलला येते येते म्हणत होते. प्रत्येक वेळी मावशी म्हणायच्या, ये ना, केव्हाही ये. आणि मी म्हणायचे, काहीतरी निमित्त काढून येतेच. पिस्कॅटवेच्या माझ्या घरात तो कोट आता कपाटात सगळ्या कोटांबरोबर टांगलेला असतो. थंडी पडली की मी तो घालते. चांगला उबदार आहे, काही झालेलं नाही त्याला. पण तो हातात घेतला की दर वेळी मला त्या दुपारच्या मावशी दिसतात, खुर्चीत बसून माझी बॅग माझ्याकडे देताना, आणि वाटतं, निदान एवढं तरी मी त्यांच्याकडे राहू द्यायला हवं होतं.